कोरड्या ब्रशची अक्षरं

(यवतमाळ इथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी समोर बसलेल्या मंडळींना माझ्यापेक्षा किती तरी जास्त ठाऊक आहे. तेव्हा गौरवाची औपचारिक वाक्यं वाचवतो आणि थेट विषयाला हात घालतो.

विषय तसा लहान आहे. कॉम्प्युटरवरचा एक फॉन्ट. पुस्तकाच्या मजकुराचा नव्हे, मथळ्याचा. ब्रशनं ओढल्यासारखा दिसणारा, कडा फाटलेल्या, मधेच रंग सुटून चिरा पडलेल्या. तुम्ही तो रोज पाहता. मसाल्याच्या पुडीवर असतो, सिनेमाच्या पोस्टरवर असतो, जयंतीच्या फ्लेक्सवर असतो. 'गावरान', 'अस्सल', 'रांगडा' हे शब्द तर हटकून त्याच अक्षरात येतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाद घालायची तयारी करता येईल. अक्षराची खरखर ही कशाची तरी खूण असते. ज्यावर लिहिलं त्या पृष्ठभागाची, ज्यानं लिहिलं त्या हत्याराची, संपत आलेल्या रंगाची. ही खूण उचलली आणि कारण मागे सोडलं, की अक्षर सोंग आणतं. कारणासकट उचलली, तर देवनागरीला एक नवी ताकद मिळू शकते. आणि ही कारणं बघायची असतील तर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून भागत नाही. त्यासाठी आपला जिल्हा पुरेसा आहे. इथले तीन पृष्ठभाग घेऊ.

पहिला भिंतीचा. मृगाच्या आधी, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, आपल्या गावांतल्या रस्त्याकडेच्या भिंती बियाण्याच्या आणि औषधांच्या जाहिरातींनी भरायच्या; अजूनही काही भरतात. निवडणुकीत पक्षांची चिन्हं यायची, एप्रिलमध्ये निळ्या रंगात 'जय भीम' यायचं. भिंत कधी विटांची, कधी मातीची, सारवलेली किंवा चुना मारलेली. चुना रंग शोषून घेतो, सारवण तो उडवून लावतं, आणि खड्ड्याशी ब्रश उचलला जातो. त्यामुळे एकाच माणसानं एकाच दिवशी लिहिलेलं एकच नाव दोन भिंतींवर दोन तऱ्हेचं दिसतं. ब्रशही एक नसतो. पेंटरकडे डुकराच्या केसांचे चपटे ब्रश असतात. पण चुना मारायला पळसाच्या मुळ्या कुटून केलेला कुंचा वापरायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि कार्यकर्त्यांनी रातोरात लिहिलेल्या घोषणांना जे हाती लागेल ते चालतं.

दुसरा पृष्ठभाग कापसाच्या गाठीचा. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, पांढरकवडा ही गावं जिनिंग-प्रेसिंगनं वाढली. १९२५ च्या कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक केलं. भेसळ झाली तर गाठ कुठल्या प्रेसमधून निघाली ते कळावं, हा हेतू. म्हणून पत्रा कापून केलेला साचा गाठीवर धरायचा आणि त्यावर काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा. खाली तागाचं गोणपाट. त्याचे उभे-आडवे धागे शाई सारखी घेत नाहीत, वरचे धागे रंगतात, मधली भोकं कोरी राहतात. अक्षर जाळीदार उमटतं. शिवाय साच्याला स्वतःचं व्याकरण असतं. बंद पोटाचं अक्षर कापलं तर आतला तुकडा गळून पडतो, म्हणून 'व', 'ब', 'थ' यांच्या पोटाला पत्र्याचा पूल ठेवावा लागतो. सलग शिरोरेषा कापली तर पत्रा लवतो, म्हणून तीही मधेमधे तोडावी लागते. ही तोडमोड कुणी सौंदर्यासाठी केलेली नाही. पत्रा टिकला पाहिजे, एवढंच कारण.

तिसरा पृष्ठभाग जिवंत आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगं रंगवतात, अंगावर ठसे उठवतात, आणि अलीकडची कित्येक वर्षं त्याच अंगावर मागण्याही लिहितात. कर्जमाफी, हमीभाव, पीकविमा. इथे केस एका दिशेनं वळलेले असतात. केसांच्या ओघानं ओढलेली रेघ स्वच्छ येते, ओघाच्या उलट ओढली तर फुटते. आणि बैल काही लिहून होईपर्यंत ध्यानस्थ उभा राहत नाही. त्यामुळे अक्षर मोठं, घाईचं आणि थोडक्यात.

तीन पृष्ठभाग, तीन तऱ्हेची खरखर. बाजारात मिळणारे बहुतेक खरखरीत फॉन्ट या तिन्हींना एकाच मापानं मोजतात. गुळगुळीत अक्षर काढायचं, त्यावर कुठून तरी मिळवलेला डागांचा पोत पसरायचा, आणि डाग पडेल तिथे अक्षर खोडायचं. डोळ्याला ते खटकतं, का खटकतं ते चटकन सांगता येत नाही.

सांगता यावं म्हणून एक काना जवळून बघू. पेंटर ब्रश डब्यात बुडवतो, डब्याच्या काठावर जादाचा रंग निपटतो आणि शिरोरेषेपासून खाली ओढतो. वरच्या टोकाशी ब्रश टेकतो तिथे रंग भरगच्च असतो, कडेला थोडा साचतोही. मधल्या भागात रेघ एकसारखी. खाली येईपर्यंत रंग ओसरतो, केस फाकतात आणि कान्याचं शेपूट चार-पाच बारीक रेषांत फाटतं. या चिरा उभ्या असतात, रेघेच्या दिशेनं धावणाऱ्या, कारण त्या केसांच्या वाटा आहेत. आता शिरोरेषा बघा. ती डावीकडून उजवीकडे ओढली जाते, म्हणून तिची फाट उजव्या टोकाला आणि चिरा आडव्या. अनुस्वार मात्र ओढायचा नसतो, टेकवायचा असतो. तो भरलेला आणि गोल, एखादा थेंब ओघळलेला. म्हणजे अक्षराच्या प्रत्येक अवयवात खरखर कुठे असावी आणि कुठे नसावी, हे हाताच्या हालचालीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. सगळीकडे सारखे ठिपके शिंपडले की हात नाहीसा होतो.

आणखी एक. पेंटर प्रत्येक अक्षराला ब्रश बुडवत नाही. दोन-तीन अक्षरं निघतात, मग पुन्हा डबा. म्हणून ओल्या-कोरड्याची लय अक्षरागणिक नसते, शब्दभर पसरलेली असते. जुन्या पाटीकडे पाहून अनुभवी माणूस सांगू शकतो, ब्रश कुठे कुठे बुडवला.

कोरड्या ब्रशचं हे सौंदर्य ओळखणारे आपण पहिले नाही. चिनी सुलेखनात फेइ-बाय नावाची शैली आहे, तीत रेघेच्या आत कागदाचा पांढरा रंग जागोजाग उघडा राहतो. परंपरा तिचं श्रेय दुसऱ्या शतकातल्या त्साय युंग या विद्वानाला देते. त्यानं म्हणे कामगारांना झाडूनं दरवाज्याला चुना फासताना पाहिलं, आणि त्या फटकाऱ्यांवरून त्याला ही शैली सुचली. कथा खरी असो-नसो, चीनमधल्या रसिकांनी आपल्या एका अभिजात शैलीचं मूळ चुना मारणाऱ्या मजुरांपाशी सांगायला कमीपणा मानला नाही. आपण पळसाच्या कुंच्याकडे असं कधी पाहिलं का?

मराठीत मथळ्याचं अक्षर मात्र हातानंच वाढलं. त्याला छापखान्यातलं कारण आहे. खिळे जुळवायच्या काळात रोमनचा संच दीडएकशे खिळ्यांत भागायचा, देवनागरीला जोडाक्षरं आणि मात्रा धरून काहीशे लागायचे. निर्णयसागरसारख्या छापखान्यानं पोथ्या-पुस्तकांसाठी देखणे खिळे ओतले, पण मोठ्या मापात, तेही तऱ्हेतऱ्हेच्या वळणांत एवढे संच ठेवणं कुठल्याही तालुक्याच्या छापखान्याला परवडण्यासारखं नव्हतं. मग मथळा चित्रकाराकडे जायचा. तो काढायचा, त्याचा ब्लॉक व्हायचा. या अडचणीतून मराठीला अक्षरचित्रकार मिळाले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच ओतला. २०२० साली ते गेले, पण त्यांची अक्षरं पाहिली की नाटक डोळ्यांपुढे उभं राहतं. र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यातून आयआयटी मुंबईत शिकवायला गेले आणि पुढे विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांच्या हातून घडला. अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरीचा मेळ घालून 'मुक्तलिपी' केली, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ब्रश, बोरू, कॉम्प्युटर या तिन्हींत मराठी माणसाचं काम मोठं आहे. भिंतीवरच्या पेंटरचं नाव तेवढं या यादीत येत नाही.

आता फॉन्टकडे येतो. हातानं लिहिलेलं एक नाव आणि फॉन्ट यांत मूलभूत फरक आहे. नाव एकदाच लिहायचं असतं. फॉन्टला माहीत नसतं की त्याच्याकडून उद्या काय लिहून घेणार आहेत. म्हणून प्रत्येक अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी उभं राहायला तयार लागतं. खरखरीत देवनागरीत इथे तीन अडचणी येतात.

पहिली शिरोरेषा. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे शेजारी शेजारी जुळतात. तुकड्याची टोकं फाटकी ठेवली तर प्रत्येक सांध्यात फट दिसते, शब्द तुटका वाटतो. टोकं गुळगुळीत ठेवून एकमेकांवर चढवली तर सांध्यापाशी खरखर नाहीशी होते, मधे पुन्हा येते, आणि शब्दाच्या डोक्यावर ठरावीक अंतरानं पट्टे उमटतात. शिवाय एका तुकड्यातली पांढरी चीर शेजाऱ्याच्या काळ्या भागाखाली झाकून जाते. हा प्रश्न रोमन लिपीत एरवी येतच नाही. तिथे तो आला जोडून लिहिलेल्या अक्षरांत. फ्रान्समधल्या मार्सेयच्या ऑलिव्ह फाउंड्रीसाठी रॉजर एक्सकोफाँ यांनी १९५३ साली 'मिस्ट्राल' हा टाइप काढला, स्वतःच्या हस्ताक्षरावरून. कडा थोड्या ओबडधोबड, आणि तरी प्रत्येक अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराला नेमक्या उंचीवर भेटतं. तेही शिशाच्या खिळ्यांत! एक्सकोफाँना जो सांधा खालच्या बाजूला साधावा लागला तो आपल्याला वर साधायचा आहे, आणि आपल्या हाताशी शिशापेक्षा कितीतरी लवचीक साधन आहे.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. मराठी मजकुरात काना किती वेळा येतो ते मोजा. 'महाराष्ट्राचा' या एका शब्दात तो चारदा आहे. चारही कान्यांना तंतोतंत तीच चीर, त्याच जागी असली, की यंत्र उघडं पडतं. यावर उपाय आहे. ओपनटाइप या तंत्रात अक्षराची पर्यायी रूपं ठेवता येतात आणि शेजारी कोण आहे ते पाहून फॉन्ट त्यांतलं एक निवडतो. मी मघाशी पेंटरची लय सांगितली. ती इथे उपयोगी पडते. प्रत्येक अक्षराची तीन रूपं करायची: भरलेलं, मधलं आणि कोरडं. शब्दाच्या आरंभी भरलेलं, मग मधलं, मग कोरडं, मग ब्रश पुन्हा डब्यात. चारशे आकृत्यांचा फॉन्ट असेल तर बाराशे काढाव्या लागतील. काम दांडगं आहे. पण तीन रूपं दिसायला निराळी म्हणून काढायची नाहीत, त्यांच्यामागे रंग ओसरण्याचा क्रम हवा. फरक इथेच पडतो.

तिसरी अडचण मापाची. रेघेतल्या चिरा अक्षराच्या उंचीच्या मानानं केवढ्या आहेत, त्यावरून ब्रशची रुंदी कळते. बोटभर ब्रशनं लिहिलेलं अक्षर वीस फुटी फ्लेक्सवर ताणलं, तर केसांच्या चिरा हाताएवढ्या होतात. तेच अक्षर लग्नपत्रिकेवर दाबलं, तर शाईनं बुजतात. म्हणून असा फॉन्ट करणाऱ्यानं लहान आणि मोठ्या मापाचे दोन वेगळे नमुने द्यावेत, आणि वापरणाऱ्यानं ते पाळावेत.

मराठीच्या स्वतःच्या काही मागण्या आहेत. 'ळ' हवा, 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' हवा, 'ॲ' हवा. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, पण अजून कित्येक सजावटी फॉन्टमध्ये तो नसतो आणि 'ॲड.' लिहायला गेलं की तिथे भलत्याच फॉन्टचं अक्षर टपकतं. मराठी पद्धतीचा पाकळीचा 'ल' हवा. हिंदी बाजारासाठी केलेले फॉन्ट इथे घाईत उरकलेले असतात.

याचा अर्थ चांगलं काम झालंच नाही असा नाही. मुंबईच्या रेल्वेवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' केला; तो मोफत मिळतो. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचे 'मोदक' आणि 'बलू' आपण रोज पाहतो. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि फॉन्टला त्या त्या पेंटरचं नाव दिलं. कुरेशी २०२४ साली गेले. पेंटरच्या नावानं फॉन्ट, ही गोष्ट मला त्या अक्षरांइतकीच मोलाची वाटते. पण यांतलं बरंचसं काम गुळगुळीत पाटीचं आहे. वऱ्हाडातल्या भिंतीचा, गोणपाटाचा, कोरड्या ब्रशचा फॉन्ट अजून व्हायचा आहे.

तोवर इकडे काय झालं? या गावात दोन साहित्य संमेलनं झाली. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. पहिल्या वेळी फ्लेक्स जन्मालाच आला नव्हता. कमान असो की कापडी फलक, अक्षर ब्रशचंच. दुसऱ्या वेळी गाव फ्लेक्सनं भरलं होतं. मधल्या काळात १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा आला, निवडणुकीच्या भिंती कमी झाल्या. पुढे फ्लेक्सची मशिनं तालुक्याला पोचली आणि पेंटरांची दुकानं एकेक करून बंद झाली किंवा त्यांनीच मशीन घेतलं. याबद्दल मी गळा काढणार नाही. फ्लेक्स स्वस्त आहे, तासाभरात मिळतो, आणि ज्याच्या घरी वाढदिवस आहे त्याला फोटो हवा असतो. पण गंमत बघा. ज्या मशीननं ब्रश घालवला, त्याच मशीनवर आता ब्रशसारखा दिसणारा फॉन्ट छापला जातो, 'अस्सल'पणाची ग्वाही म्हणून.

ही ग्वाही कोण कोणाला देतो, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारायलाच हवा. मोठं अक्षर हे मोठ्या आवाजासारखं असतं, ते कोणाच्या खर्चानं लागतं त्यावर ते काय बोलतं हे ठरतं. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर इशारा असतो. नियमानुसार तिरप्या चौकोनात, खालच्या त्रिकोणात रंग: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्या चौकोनानं लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान एक-सोळांश भाग व्यापावा, असा नियम आहे. एक-सोळांश! आणि अशा औषधांच्या जाहिराती भिंतीच्या भिंती व्यापून असायच्या, वाघ-सिंहाच्या जोरातल्या ब्रशच्या अक्षरांत. त्या मृत्यूंना अक्षरं कारण झाली असं मी म्हणत नाही. कारणं अनेक होती, त्यांची चौकशी झाली. पण ज्या कलेनं विकायचं अक्षर रस्त्यावरून वाचता येईल एवढं केलं, तिनं सावध करणारं अक्षर कधी तेवढं केलं नाही, हे आपण डिझाइनवाल्यांनी मान्य केलं पाहिजे. रांगडं अक्षर शेतकऱ्याच्या आपुलकीचा आव आणतं. मग त्याच अक्षरात 'हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका' असं भिंतभर का लिहू नये? पोळ्याच्या बैलावर शेतकरी आपली मागणी लिहितो, तेव्हा अक्षराची खरखर आणि म्हणण्याचा खरेपणा यांत अंतर नसतं. फॉन्टला तिथपर्यंत पोचायचं असेल तर वापरणाऱ्याला विचार करावा लागेल. फॉन्ट तो करणार नाही.

शेवटी एक काम सुचवतो. जुन्या भिंती पडताहेत, त्यांच्या जागी टाइल लावलेली घरं येताहेत, आणि ज्यांनी त्या रंगवल्या ते पेंटर साठी-सत्तरीला आलेत. जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत कला शिक्षक आहेत, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. भिंतीवरची, जिनिंगमधल्या साच्यांवरची, पोळ्याच्या बैलांवरची अक्षरं समोरून, शेजारी मोजपट्टी धरून टिपावीत. कोणी लिहिलं, कुठल्या साली, कुठल्या ब्रशनं, कुठल्या रंगानं, ते लिहून ठेवावं. पेंटर हयात असेल तर त्याच्याकडून संपूर्ण बाराखडी काढून घ्यावी, ओली-कोरडी दोन्ही, आणि लिहिताना हात कसा चालतो त्याचं चित्रीकरण करावं. त्यातून यवतमाळचा फॉन्ट निघेल. तो खुल्या परवान्यानं सगळ्यांना द्यावा, पेंटरांची नावं त्याच्या आत असावीत.

पैसे लागतील. कोणी तरी अंदाजपत्रक मांडेल, त्यात कॅमेरा असेल, संगणक असेल, प्रकाशन समारंभ असेल आणि सगळ्यात खाली 'इतर खर्च' असेल. माझी एकच अट आहे. फॉन्टचं नाव शेवटी ठरवा, समारंभाचं नंतर बघा. पहिल्या ओळीत पेंटरांचं मानधन लिहा.